खोडवा ठेवायचा की मोडायचा?



ऊस विकास खात्याच्या माणसाने धंद्या-उद्योगावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. बेणे, हुमणी, पाणी, खत हे आमचे रोजचे विषय. परंतु ऊसबिलाच्या याद्या तयार झाल्या की प्रत्येक सभासदाच्या नावापुढचे कपातीचे रकाने आमच्या नजरेखालून जातात. सोसायटीचे पीककर्ज, ठिबकचा हप्ता, पाणीपट्टी ही कपात आम्ही समजू शकतो. पण गेल्या काही वर्षांत तिच्या जोडीला दुसरी एक कपात येऊन बसली आहे. ऊस बापाचा आणि कपात पोराच्या धंद्याची! कुठे कोंबड्यांची शेड, कुठे वाहतुकीचा ट्रक, कुठे तालुक्याच्या गावी टाकलेले पाइपांचे दुकान, तर कुठे मुंबईत अंधेरीकडे भाड्याच्या गाळ्यात घातलेले दोन लेथचे वर्कशॉप. धंदा चालला तोवर ही कपात कोणाच्या लक्षातही येत नाही. धंदा बसला की मात्र सारा गाव ती यादी तोंडपाठ म्हणून दाखवतो.

मग चावडीवर निकाल लागतो. "त्याचं आता काय खरं नाही." "मुंबई बुडवून आला, आता गाव बुडवील." असा निकाल देणाऱ्यांत आमचे चांगले जाणते सभासदही असतात, याचे आम्हांस वाईट वाटते. कारण हेच सभासद ऊस तुटून गेल्यावर बांधावर उभे राहून बुडख्यांकडे बघतात आणि विचारतात, "साहेब, खोडवा ठेवू की मोडू?" तिथे कोणी म्हणत नाही की ऊस तुटला, आता संपलं. फुटवा कसा आहे, नांगे किती, रोग आहे का, तोड कोणत्या महिन्यात झाली, हे सगळे आपण बघतो आणि मग ठरवतो. बुडालेल्या धंद्याकडेही याच नजरेने बघावे, असे आमचे मत आहे. त्यासाठी दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही मुंबईच्या उपनगरांतली आणि एकाच रस्त्याच्या आसपासची आहेत.

हा रस्ता तुमच्या ओळखीचा आहे. शीवपासून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड करीत ठाण्याला जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुन्या माणसांचा आग्रा रोड. घाटकोपरची भटवाडी, असल्फा, विक्रोळीचे कन्नमवारनगर, भांडुप, मुलुंड या वस्त्यांत आपल्याकडच्या गावांतले कोणी ना कोणी असतेच. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत. कुर्ल्याला फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, बनत असे. आज त्यांतल्या बऱ्याच जागी टॉवर आणि मॉल उभे आहेत. गावाकडून गेलेला पाहुणा मॉलचे दिवे बघतो. तिथल्या कामगारांचे काय झाले ते विचारत नाही. असो.

पहिले उदाहरण विक्रोळीचे, आणि ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. तिथे गोदरेजचा एवढा मोठा पसारा आहे. त्याची सुरुवात मात्र एका बुडालेल्या धंद्यातून झाली. आर्देशीर गोदरेज हे शिक्षणाने वकील. वकिली त्यांना मानवली नाही, ती त्यांनी सोडली. मग शस्त्रक्रियेची हत्यारे बनवायला घेतली. त्यासाठी वडिलांच्या स्नेह्यांपैकी मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज काढले. माल चांगला झाला. पण घेणारा म्हणाला की यावर हिंदुस्थानात बनविल्याचा छाप नको, आणि गोदरेज म्हणाले की छाप राहणार. धंदा तिथेच बसला. पुढे वर्तमानपत्रात मुंबईतल्या चोऱ्यांच्या बातम्या वाचून त्यांना कुलपांची कल्पना सुचली, आणि १८९७ साली लालबागेत कुलपांचा कारखाना सुरू झाला. विक्रोळीची जमीन पुढे १९४३ साली त्यांच्या धाकट्या भावाने, पिरोजशांनी, घेतली.

या गोष्टीत आम्हांला कुलपापेक्षा कर्ज महत्त्वाचे वाटते. पहिला धंदा बुडाल्यावर गोदरेज पुन्हा त्याच कामांकडे गेले आणि कामांनी पुन्हा पैसे दिले. आपल्याकडे एकदा बुडविलेला माणूस त्याच सावकाराच्या दारावरून जायलाही बिचकतो. गल्ली बदलून जातो. हा माणूस त्याच दारात गेला. आणि देणाऱ्याने काय पाहिले असेल? माल खराब निघाला नव्हता. पैसा जुगारात किंवा लग्नाच्या मांडवात गेला नव्हता. धंदा का बसला याचे उत्तर कर्जदार सरळ देऊ शकत होता. पुढे कामांच्या पुतण्याला, बॉइस यांना, भागीदार म्हणून घेतले गेले. ते फार काळ राहिले नाहीत, पण कंपनीच्या नावात त्यांचे नाव राहिले.

दुसरे उदाहरण कुर्ल्याचे आहे आणि ते आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण त्यात सहकार आहे. कुर्ला पश्चिमेला 'कमानी' म्हणून भाग आहे. कमानी कुटुंबाच्या कारखान्यांवरून पडलेले हे नाव. त्यांतला एक कमानी ट्यूब्ज. तांब्याच्या, पितळेच्या नळ्या तयार करणारा. आपल्या कारखान्यातले जुने फिटर सांगतील की रस तापविण्याच्या हीटरमध्ये आणि बाष्पीभवनाच्या पात्रांत पूर्वी पितळी नळ्यांचेच जुडगे असत. हंगाम संपला की त्या घासायच्या, फुटक्या बदलायच्या. आता बऱ्याच ठिकाणी स्टेनलेस स्टील आले. तर अशा मालाला गिऱ्हाईक नाही असा हा धंदा नव्हता. तरी तो आजारी पडला. मालक कुटुंबात भांडणे, कारभाराकडे दुर्लक्ष, वाढती देणी, आणि १९८५ साली कारखाना बंद पडला.

पुढची गोष्ट त्या काळी साऱ्या देशात गाजली. कामगारांनी सांगितले की मालकांना चालवता येत नसेल तर आम्ही चालवतो. आजारी कंपन्यांसाठी १९८५ सालीच कायदा झाला होता आणि त्याखाली औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ नेमले गेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८८ साली कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे देण्याची योजना मंजूर झाली. ज्या हातांनी नळ्या ओढल्या त्याच हातांत मालकी आली. आपण ऊस उत्पादकांनी कारखाने काढले, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना जे वाटले असेल तेच त्या कामगारांना वाटले असणार.

हा झाला पहिला खोडवा. तो काही वर्षे चालला आणि पुन्हा बसला. का बसला, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही, आणि ती झाली पाहिजे. तांबे-पितळ हा महागाचा कच्चा माल. तो रोख पैसे मोजून आणायचा, नळ्या करायच्या, उधारीवर विकायच्या आणि वसुलीची वाट बघायची. यात खेळते भांडवल किती लागते हे ज्याने हंगामाच्या तोंडाला तोडणी-वाहतुकीचे ॲडव्हान्स वाटले आहेत त्याला सांगायला नको. ते भांडवल आटले. त्यात दोन कामगार संघटना, दोन तट. प्रत्येक जण मालक, त्यामुळे नाही म्हणणारा कोणी नाही. मालकाचा पगार हवा, पण मालकाचा तोटा नको, अशी स्थिती झाली की कोणताही कारखाना किती दिवस चालणार? हे आम्ही कुर्ल्याच्या कामगारांना दोष द्यावा म्हणून लिहीत नाही. त्यांनी जी हिंमत केली ती फार थोड्यांनी केली. पण नारळ फोडायला पाच हजार आणि हिशेबपत्रक वाचायला पंचवीस माणसे, हे चित्र आपल्याही वार्षिक सभेत दिसते, म्हणून लिहिले.

२००० सालाच्या सुमारास कामगार एका बाईंकडे गेले. श्रीमती कल्पना सरोज. १९६१ चा जन्म, अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेडा गावचा. दलित कुटुंब, वडील पोलीस हवालदार. बाराव्या वर्षी लग्न करून मुंबईच्या झोपडपट्टीत आल्या, सासरी फार छळ झाला, वडिलांनी माघारी नेले. गावाने मात्र टोमणे मारून जगणे नकोसे केले, इतके की त्या जिवावर उदार झाल्या. त्यातून वाचल्यावर सोळाव्या वर्षी पुन्हा मुंबई. होजिअरीच्या कारखान्यात दिवसाला दोन रुपये. मग शिवणकाम, मग सरकारी योजनेतले ५० हजारांचे कर्ज काढून फर्निचरचा धंदा, मग कल्याणला भांडणात अडकलेला एक प्लॉट स्वस्तात घेऊन, त्याची कागदपत्रे सोडवून बांधकाम. म्हणजे गुंतलेले सूत सोडवायची सवय बाईंना आधीपासून होती. कामगार त्यांच्याकडे गेले ते बहुधा याचसाठी.

कारखान्याची अवस्था त्या पुढे मुलाखतींतून सांगत आल्या आहेत : ११६ कोटींचे कर्ज, १४० च्या घरात खटले. हे ऐकून आपल्यापैकी कोणीही पायांत चप्पल घातली असती. त्यांनी काय केले? पहिले यंत्र सुरू केले नाही. मोठी सभा घेतली नाही. दहा जाणत्या माणसांचा गट बसविला आणि ११६ कोटींची फोड केली. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती. फोड केल्यावर दिसले की डोंगराचा मोठा भाग व्याज आणि दंड यांचाच आहे. मग अर्थमंत्र्यांपर्यंत आणि बँकांपर्यंत जाऊन त्यांनी सरळ मांडले : कारखाना लिलावात काढाल तर तुम्हांलाही काही मिळणार नाही, दंड-व्याज सोडा, मुद्दल आम्ही देतो. बँकांनी व्याज आणि दंड सोडला, मुद्दलातही काही सूट दिली. २००६ साली कारखान्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. कामगारांची थकलेली देणी ठरल्या मुदतीच्या कितीतरी आधी चुकती केली, असे त्या सांगतात. कारखाना कुर्ल्याहून वाड्याला हलविला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट व्यासपीठावरून सांगताना वक्ते बहुधा बाईंच्या जिद्दीवर थांबतात. जिद्द होतीच, ती कोण नाकारील. पण केवळ जिद्दीची गोष्ट सांगून बुडालेल्या पोराच्या हाती काय लागते? त्याच्याकडेही जिद्द असते. बऱ्याचदा तिच्यापायीच तो वेळेत थांबला नाही. आम्हांला त्या गोष्टीत तीन-चार वेगळ्या बाबी दिसतात. २००० ते २००६ ही सहा वर्षे गेली, एका दिवसात काही झाले नाही. त्या वेळच्या कायद्याने आजारी कंपनीवरची वसुली, जप्ती थोपवून धरली होती, म्हणून फोड करायला सवड मिळाली. बँकांनी सोडले, म्हणून उभे राहता आले. शेवटी, या पुनर्जन्माची किंमतही मोजली गेली. १९८८ साली कामगार मालक झाले होते. २००६ नंतर ते पुन्हा कामगार झाले, आणि कुर्ल्याचा कारखाना कुर्ल्यात राहिला नाही. ही किंमत जास्त की कमी, यावर दोन मते होतील. आमच्या मते थकलेला पगार हाती पडला तो कागदावरच्या मालकीपेक्षा मोलाचा. पण ज्या सभासदाला आपला कारखाना आपलाच राहावा असे वाटते त्याने हेही लक्षात ठेवावे की मालकी जायला लिलावच व्हावा लागतो असे नाही. आपल्या राज्यात आजारी सहकारी साखर कारखान्यांपैकी काही राज्य बँकेने विकले, काही भाड्याने गेले. तिथले सभासद आजही शेअरचा दाखला पेटीत जपून ठेवतात, आणि ऊस घालायला दुसऱ्याच्या गव्हाणीपुढे रांग लावतात.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. आमच्या एका गटातील सभासदाचा मुलगा साकीनाक्याला भाड्याच्या गाळ्यात पितळी फिटिंगची कामे करीत होता. आयटीआय झालेला, हाताला चांगला. २०२० साली टाळेबंदी आली, कामे थांबली, भाडे थांबले नाही. दोन वर्षे ओढाताण करून गाळा सोडला आणि दोनपैकी एक लेथ विकून गावी आला. कर्जाला गावातले दोन सभासद जामीन आहेत. आता त्याला तालुक्याच्या वसाहतीत पुन्हा सुरुवात करायची आहे. म्हणतो ठिबकची आणि पंपाची कामे मिळतील. बाप विचारतो, "साहेब, दोन एकर गहाण टाकू का?" जामीनदार तर आमच्या स्लिपबॉयला वाटेत अडवून विचारतात, "आमच्या उसाला तर हात लागणार नाही ना?"

बापाला आम्ही सांगितले ते इथे लिहितो, कारण असे बाप एकटे नाहीत. जमीन गहाण टाकायचा विचार आधी बाजूला ठेवा. पहिल्या बुडीचा खड्डा भरायला दुसरे कर्ज काढणे म्हणजे हुमणी लागलेल्या रानात तसेच नवे बेणे पुरणे. आधी जुन्या कर्जाचा उतारा काढा. समजा मुद्दल ५ लाख आणि दर १४ टक्के. वर्षाचे व्याज वर्षाला मुद्दलात धरीत गेले तर पाच वर्षांत तीच रक्कम साडेनऊ लाखांच्या वर जाते. पोरगा साडेनऊ लाख बुडवून आला असे गाव म्हणते. वास्तविक बुडाले ते ५ लाख, त्यातलेही लेथच्या रूपाने काही शिल्लक आहेत. दंडाचे म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून बँकांना दंडव्याज लावायला मनाई केली आहे. दंड लावायचा तर तो वेगळी रक्कम म्हणून लावायचा, त्यावर पुन्हा व्याज चढवायचे नाही. उताऱ्यात तसे झाले आहे की नाही हे विचारायचा आपला हक्क आहे. पुष्कळ बँका एकरकमी परतफेडीची योजना काढतात. तिच्यात बसते का ते बघा. व्याजात सूट मागण्यात लाज कसली? कमानीसाठी कोट्यवधींची सूट मागितली गेली आणि मिळाली. मोठ्याने मागितली तर ती पुनर्रचना आणि आपल्या पोराने मागितली तर बुडवेगिरी, हा न्याय आम्हांला पटत नाही.

मुलालाही दोन गोष्टी सांगितल्या. गाळ्यावरच्या दोन कारागिरांचा शेवटचा पगार राहिला आहे तो आधी दे. बँक थांबते, नोटीस पाठवते, तडजोड करते. कारागिराच्या घरची चूल थांबत नाही. आणि पुन्हा सुरू करशील तेव्हा तुला तेच हात लागणार आहेत. दुसरे असे की ज्या व्यापाऱ्याचे पितळेचे पैसे राहिले आहेत त्याचा फोन उचल. पोरगा म्हणाला, "कुठल्या तोंडाने बोलू?" आहे त्या तोंडाने! महिन्याला दोन हजार देईन म्हण, आणि दोनच हजार दे, पण दर महिन्याला दे. व्यापारी माणूस रक्कम बघतो त्याहून तारीख जास्त बघतो.

खोडव्याचा फायदा तुम्हांला ठाऊक आहे. पूर्वमशागत नाही, बेणे नाही, लागण नाही. मुळांचा जम बसलेला. निगा राखली तर लागणीच्या तोडीचे टनेज देणारे खोडवे आम्ही पाहिले आहेत. बुडालेल्या माणसाजवळही असे जमिनीखालचे बरेच काही असते. कोणता माल चालतो, कोणते गिऱ्हाईक पैसे बुडवते, कोणत्या महिन्यात मंदी येते, हे त्याने स्वतःच्या पैशाने शिकलेले असते. नव्या पोराला हे शिकायचे बाकी असते. पण खोडव्याला निगा लागते, आणि आपले लोक तिथेच कसर करतात. बुडखे जमिनीलगत छाटले नाहीत तर वरच्या कांड्यांतून फुटवे येतात, ते जोर धरत नाहीत. धंद्याचेही तसेच. जुने ऑफिस राहू दे, जुनी गाडी राहू दे, लोक काय म्हणतील, असे करून वरवर छाटले तर नवा फुटवा वरूनच येतो आणि उन्हाळ्यात वाळतो. त्या मुलाने एक लेथ विकला, हे आम्हांला चांगले लक्षण वाटले. मोटारसायकल अजून विकलेली नाही, तीही विकावी.

आता दुसरी बाजू. प्रत्येक प्लॉटचा खोडवा ठेवा असे आम्ही कधीच सांगत नाही, आणि इथेही सांगणार नाही. गवताळ वाढ आहे, काणी आहे, तिथे खोडवा ठेवणे म्हणजे शेजाऱ्याच्या रानालाही रोग देणे. ज्याने कर्जाचे पैसे धंद्यात घातलेच नाहीत, बुलेट आणि बंगल्यात घातले. ज्याने एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज उचलले. ज्याने तोडणी टोळीचा ॲडव्हान्स म्हणून घेतलेली रक्कम निवडणुकीत उडवली, त्याच्या नव्या धंद्याला टाळ्या वाजवायचे कारण नाही. तो प्लॉट मोडावा. तसेच वेळेचेही आहे. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये अशी शिफारस आपण दर वर्षी छापतो, कारण पुढे ऊन वाढते आणि फुटवा धरत नाही. जो धंदा गिऱ्हाईकच उरले नाही म्हणून बसला तो पुन्हा त्याच जागी, त्याच मालावर सुरू करण्यात शहाणपण नाही. माणूस तोच ठेवावा, पीक बदलावे. गोदरेजांनी हत्यारांचा हट्ट धरला नाही, कुलपे केली. ज्या बाजारात नळ्या विकल्या जात होत्या तिथे मात्र नळ्याच केल्या गेल्या, फक्त जागा बदलली. काय बदलायचे आणि काय ठेवायचे, हे प्रत्येक रानाचे निराळे.

जामीनदारांविषयी लिहिणे भाग आहे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सोसायटीने वसुलीचा दाखला मिळविला की त्यात जामीनदारांची नावे येतात. तेव्हा "सही केली, पैसे मी कुठं घेतले?" हे बोलणे चालत नाही. पण याच कारणाने, नव्या सुरुवातीच्या बैठकीत जामीनदार बसले पाहिजेत. आपल्याकडे त्यांना शेवटी, नोटीस आल्यावर कळते. त्यांना आधी बोलावले, उतारा त्यांच्यापुढे ठेवला, तर शत्रू झालेली माणसे बरेचदा मदतीला येतात. त्या मुलाच्या दोन जामीनदारांपैकी एकाने उतारा बघितल्यावर आपल्या चुलतभावाच्या ठिबकच्या दुकानातले काम मिळवून दिले. दुसरा अजून बोलत नाही. त्याचेही आम्ही चूक म्हणत नाही. त्याच्या मुलीचे लग्न येत्या वर्षी आहे.

कंपन्यांच्या बाबतीत २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने १९८५ च्या कायद्याचे जुने मंडळ गेले. आता ३३० दिवसांच्या आत निकाल लागावा अशी तरतूद आहे. सहकारी संस्थांचा मामला मात्र राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्यात राहतो, तिथे अवसायक येतो आणि संस्था गुंडाळण्याकडे कल असतो. आजारी सहकारी संस्थेला फोड करायला सवड मिळावी, वसुली काही काळ थांबावी, आणि त्या सवडीच्या काळात ऊस उत्पादकांचे थकीत बिल व कामगारांचा पगार यांना पहिले स्थान मिळावे, अशी तरतूद सहकार कायद्यात हवी असे आमचे मत आहे. ऊसबिल १४ दिवसांत न दिल्यास १५ टक्के व्याज, हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तो आजारी कारखान्याच्या दारात पोहोचता पोहोचता दमतो. वार्षिक सभेत या विषयावर ठराव मांडायला कोणी सभासद पुढे येत असतील तर मसुद्याला लागणारी माहिती आमचे खाते देईल.

तोपर्यंत ज्या सभासदांच्या ऊसबिलातून मुलाच्या, भावाच्या धंद्यापोटी कपात जाते त्यांनी बँकेकडून किंवा सोसायटीकडून खात्याचा उतारा लेखी मागून घ्यावा. मुद्दल, व्याज आणि दंड असे तीन रकाने वेगळे मागावेत. नुसती एकूण बाकी घेऊन येऊ नये. गट कार्यालयात मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीननंतर आमचे कर्मचारी तो वाचून दाखवितील. येताना मुलाला बरोबर आणावे, आणि शक्य झाल्यास जामीनदारांनाही.